शिवणकाम आणि शिकवण्या

“वहिनी, एका ब्लाउजची शिलाई किती घेता?” खटावकर वकिलांनी आईला विचारलं.

“कुणाकडनं?” आई म्हणाली.

“गिऱ्हाइकाकडनं.”

“माझे ब्लाउज तर कमल शिवते वो. ती पंधरा घेते.”

“वहिनी,” वकील जराही न चिडता म्हणाले, “साहेब विचारतील तेव्हा कमल नाही. तुम्ही शिवता. साधा पंधरा, कटोरी पंचवीस. म्हणा बघू.”

“कटोरी पंचवीस,” आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. “मला साडीला फॉल लावता येत नाही. हुक तुटला तर मी सेफ्टी पिन लावते.”

“हसण्यावारी नेऊ नकोस,” आप्पा म्हणाले. “उद्या शपथेवर सांगायचंय.”

कराडातल्या निम्म्या व्यापाऱ्यांच्या आयकराच्या फाइली खटावकरांच्या कपाटात होत्या. ते कोर्टातले वकील नव्हते, करसल्लागार होते. पण पेठेत सगळे त्यांना वकीलच म्हणत. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मी लहान असताना ते टेबलाच्या खणातून मला लिमलेटची गोळी काढून देत. त्या दिवशीही त्यांनी सगळ्यांत आधी मला विचारलं होतं, “पुण्याचं पाणी मानवतंय ना?”

मी तेव्हा पुण्याला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. वसतिगृहाच्या ऑफिसात आप्पांचा फोन आला होता : दोन दिवस ये, एका कागदावर सही लागणार आहे. घरी आले तर सही नव्हतीच. समन्स होतं. एक आईला, एक मला.

प्रकरण असं होतं. आप्पांनी औद्योगिक वसाहतीत एक गोदाम घेतलं होतं आणि खरेदी आम्हा दोघींच्या नावानं केली होती. ही गोष्ट आम्हा दोघींना समन्स आल्यावर कळली. व्यवहाराला माझा थोरला भाऊ कुलमुखत्यार म्हणून उभा राहिला होता, आणि किल्ल्याही त्याच्याकडेच होत्या. आयकर खात्यानं विचारलं, पैसे कुठून आले? वकिलांनी कळवलं, दोघींच्या बचतीतून. आईची बचत शिवणकामातली, माझी शिकवण्यांतली. आमची रिटर्न कित्येक वर्षं भरली जात होती आणि त्यांत तसंच लिहिलेलं होतं. आता अधिकाऱ्याला आम्हाला समोर बसवून विचारायचं होतं. त्याला पटलं तर गोदाम सुटलं. नाही पटलं तर ती सगळी कमाई आप्पांनी दडवलेली आहे असं धरून कर, व्याज, आणि वर कराच्या तिप्पट होऊ शकेल इतका दंड.

“तुझं सोपं आहे,” वकील माझ्याकडे वळले. “शिकलेली आहेस. दहावीची मुलं, गणित आणि शास्त्र. बॅचमध्ये सहा-सात.”

“मी कधी शिकवण्या घेतल्या नाहीत, काका.”

“घेतल्यास की. अठरा पूर्ण झालीस त्या वर्षापासून.”

“त्या वर्षी मी पुण्याला गेले.”

“सुट्टीत येत होतीस ना?”

“सुट्टीत दहावीच्या मुलांनाही सुट्टी असते.”

वकिलांनी क्षणभर विचार केला आणि खरोखर मुद्दा लक्षात आल्यासारखी मान हलवली. “मग नववीतून दहावीत जाणारी मुलं म्हण. त्यांचे सुट्टीतले वर्ग असतात. बरं झालं आत्ताच बोललीस.”

मी सह्या कधी केल्या ते मला आठवत होतं. सह्यांचा दिवस नागपंचमीचा. त्या दिवशी आमच्याकडे विळी धरत नाहीत, तवा ठेवत नाहीत, मसाल्याची भट्टी पेटत नाही, मसाला कुटायचे डंक बंद. वर्षातला तेवढाच एक दिवस आईचे हात रिकामे असत, आणि त्या सणाला मी हमखास घरी येत असे. रिटर्नची मुदतही त्याच सुमारास मागेपुढे असायची. वारुळाला जाऊन आलो की आप्पा कागद पुढे करत. कागद घडी घातलेले, फक्त सहीची ओळ उघडी, तिथे पेन्सिलीनं फुली. आधी आई सही करायची, मग मी. सही झाली की आप्पा बांगड्या भरायला पैसे देत. हे कसलं आहे, असं मी एकदा विचारलं होतं. “कराचं,” आप्पा म्हणाले होते, आणि सणाच्या दिवशी ते उत्तर पुरेसं होतं.

“आईला शिवणकाम का लावलं?” मी विचारलं. “ती मसाला करते. सगळ्या गावाला माहीत आहे.”

आमचं दुकान म्हणजे शेट्यांचा कांदा-लसूण मसाला. पाकिटावर माझ्या आजोबांचा फोटो होता आणि पाकिटातला मसाला आईचा होता. मिरची निवडून घेणं, तिला ऊन देणं, खोबरं-कांदा तळणं, धणे-तीळ भाजणं, डंकावरच्या बायकांना काय किती टाकायचं ते सांगणं, सगळं ती करायची. एका उन्हाळ्यात मामा आजारी म्हणून ती माहेरी गेली, तेव्हा सांगलीपर्यंतच्या दुकानदारांनी पाकिटं परत पाठवली. आप्पांनी तिला आणायला मॅटाडोर पाठवला होता. मामा अजून अंथरुणावरच होते.

“मसाल्याचा पगार दाखवायचा होता,” मी म्हणाले. “ते खरं तरी झालं असतं.”

लहान मुलानं भलता प्रश्न विचारला की मोठी माणसं एकमेकांकडे बघतात, तसं वकिलांनी आप्पांकडे बघितलं.

“कलम चौसष्ट,” ते म्हणाले. “नवऱ्यानं आपल्या धंद्यातून बायकोला पगार दिला, तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. नाहीतर काय, जो तो बायकोच्या नावानं पगार काढेल आणि कर वाचवेल.”

“आणि ती खरंच काम करत असेल तर?”

“तर तिच्याकडे त्या कामाची पात्रता पाहिजे. डॉक्टरच्या दवाखान्यात डॉक्टर बायको, चालतं. वहिनींचं शिक्षण काय? सातवी.” मग आईकडे बघून, “रागावू नका हं, वहिनी.”

“त्यात काय रागवायचं?” आई म्हणाली. “सहावीच. सातवीला बसलेच नाही.”

“म्हणजे पगार दाखवून उपयोग शून्य,” वकिलांनी हात उडवला. “शिवणकाम बाहेरचं. ते चौसष्टात येत नाही.”

“म्हणजे ती जे करते ते दाखवून उपयोग नाही, म्हणून जे करत नाही ते दाखवलं.”

“बरोबर!” वकील कौतुकानं म्हणाले. “हुशार आहे हो पोरगी, आप्पा.”

मी उठून त्यांच्या मागच्या फळीवरून आयकर कायद्याचं जाड पुस्तक काढलं. त्यांनी अडवलं नाही. “वाच, वाच. पण बाळ, कायदा समजायचा नसतो, सांभाळायचा असतो.”

आप्पा आणि आई कटोरी ब्लाउजला कापड किती लागतं यावर बोलत होते, तेवढ्यात मी कलम चौसष्ट दोनदा वाचलं. वाक्य लांबलचक होतं, तरी त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पात्रतेबद्दल जे लिहिलं होतं त्यात ज्ञान आणि अनुभव हे शब्दही होते. मग मी पुढची पानं चाळली आणि जे शोधत होते ते मिळालं.

“काका, रिटर्नखाली सही करून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. शिक्षा आहे.”

“आहे ना.”

“सही माझी आहे. गुन्हा कुणाचा?”

“सही ज्याची त्याचा,” ते शांतपणे म्हणाले. “पण तिथपर्यंत जातंय कोण? पेठेतल्या कुठल्याही घरी जा. कुणाची बायको शिवते, कुणाची पार्लर चालवते, कुणाची सून मेंदी काढते. सगळ्यांची फाइल आहे. आजवर एकीला तरी काही झालं?”

“एकीला तरी ठाऊक होतं?”

“गिरिजा,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. “पुण्याचा खर्च कुठून झाला तुझा? फेलोशिप आत्ता मिळायला लागली. आधीची पाच वर्षं?”

“मसाल्यातून.”

“मग?”

मी आईकडे बघितलं. ती पिशवीचे बंद बांधत होती. “मग उद्या किती वाजता निघायचं?” ती म्हणाली.

सकाळी आम्ही दुकानाच्या मॅटाडोरनं जिल्ह्याच्या गावी निघालो. पुढे चालवायला आप्पा, त्यांच्या शेजारी वकील, आणि मागे रिकाम्या पोत्यांवर घडी केलेली सतरंजी टाकून आम्ही दोघी. गाडीत मसाल्याचा खकाणा होता. वकील दर दोन मैलांनी शिंकत होते आणि दर शिंकेनंतर मागे वळून एक प्रश्न टाकत होते.

“वहिनी, मशीन कुठल्या कंपनीचं?”

“आता मशीन पण पाहिजे होय?”

“विकलं म्हणा. डोळ्यांना त्रास व्हायला लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी विकलं.”

“कुणाला विकलं?”

“ते नाही विचारणार.”

“विचारलं तर?”

“कमलला,” आप्पा समोरून म्हणाले. थोड्या वेळानं, रस्त्यावरची नजर न हलवता, ते पुन्हा बोलले. “हे सगळं तुमच्यासाठीच केलं. उद्या माझं काही झालं तर गोदाम तुमच्या नावावर आहे. दुसऱ्या कुणाच्या बापानं पोरीच्या नावावर एवढी मालमत्ता केली असेल तर सांग.”

प्रयोगशाळेत न घेतलेलं रीडिंग वहीत लिहिणाऱ्या एका मुलाचं मागच्याच वर्षी नाव कमी झालं होतं. त्याच्या बाजूनं कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, मीही नाही. त्याचा चेहरा मला सारखा दिसत होता.

“तू काय सांगणार?” आईनं हळूच विचारलं.

“शिकवण्या घेतल्या नाहीत, असं.”

तिनं मागे पळणाऱ्या उसाकडे नजर वळवली. “मी सांगू नको म्हटलं तर?”

“तरी सांगणार.”

“मग विचारलं कशाला मी?” ती म्हणाली, आणि पदरानं नाक झाकून बसली.

अधिकाऱ्याचं नाव तडवी होतं. खानदेशातला माणूस, किडकिडीत, पन्नाशीच्या आतबाहेर. शेजारी टंकलेखक मशीन घेऊन बसला होता. वकिलांनी आत यायला पाऊल उचललं तसे तडवी म्हणाले, “तुम्ही बाहेर थांबा. मला मुलीशी बोलायचंय.” वकिलांनी मला डोळ्यांनी धीर दिला. मला खरंच वाटलं, आता हे खणातून गोळी काढून देतील.

शपथ झाली. नाव, वय, शिक्षण झालं.

“शिकवण्या कुठल्या विषयाच्या घेत होता?”

“गणित आणि शास्त्र, असं लिहिलेलं आहे.”

“लिहिलेलं मी वाचलंय. तुम्ही सांगा.”

“मी एकही शिकवणी घेतलेली नाही.”

टंकलेखकाची बोटं थांबली. त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवल्यावर त्यानं ते वाक्य टाइप केलं.

“रिटर्नवर सही तुमची आहे?”

“माझीच आहे.”

“न वाचता केलीत?”

“कागद घडी घातलेले असायचे.”

“इतक्या शिकलेल्या तुम्ही. उलगडता आले नाहीत?”

“नागपंचमी असायची.”

त्यांनी चष्मा काढला. “नागपंचमीचा आणि रिटर्नचा काय संबंध?”

मी सांगितलं. वारूळ, बंद भट्टी, फुली, बांगड्यांचे पैसे. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “आमच्या बाजूला या सह्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला घेतात,” ते म्हणाले. “हे घेऊ नका,” असं टंकलेखकाला सांगून त्यांनी मला पुढचा प्रश्न विचारला. “मग गोदामाचे पैसे कुणाचे?”

“मला माहीत नाही. माझे नव्हते.”

“कुणाचे असावेत?”

“असावेत हे मी सांगू शकत नाही. मी बघितलेलं नाही.”

“वडिलांना वाचवताय?”

“नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतेय.”

मी जबाब पूर्ण वाचून काढला. दोन ठिकाणी तारखा चुकल्या होत्या, त्या दुरुस्त करून घेतल्या, मग सही केली. तेवढ्या वेळात तडवींनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, हे मी त्यांच्या खाती जमा धरते.

बाहेर बाकावर तिघं बसले होते. आप्पा उभे राहिले. “काय बोललीस?”

“शिकवण्या घेतल्या नाहीत.”

ते परत खाली बसले. मला वाटलं होतं ओरडतील. मी त्याचीच तयारी करून आले होते. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत म्हणाले, “पोरीला शिकवू नका, असं आमच्या काकांनी सांगितलं होतं. मी भांडलो होतो त्यांच्याशी.”

“आप्पा, थांबा,” वकील पुढे झुकले. “अर्धं गेलं, अर्धं हातात आहे. वहिनींचा निम्मा हिस्सा वाचतो. वहिनी, तुम्ही शिवणकामावर ठाम राहायचं. आणि पोरीचं विचारलं तर म्हणायचं, लग्नाचं जमत नाही म्हणून डोक्यात राग घालून घेतलाय तिनं. घरच्यांवर सूड उगवतेय. असं होतं, साहेबही बापमाणूस आहे, समजेल.”

त्यांनी हे अगदी सहज, माझ्यासमोर, माझ्याच तोंडाकडे बघत सांगितलं होतं. त्यांना वाटतही नव्हतं की यात काही वाईट आहे. आज इतक्या वर्षांनी मला सांगावी अशी शंभर वाक्यं सुचतात.

आई उठली. “आत बसायला खुर्ची आहे का?” तिनं मला विचारलं.

“आहे.”

“मग बरं.”

जबाब इंग्रजीत टाइप होत होता आणि आईला इंग्रजी येत नव्हतं. तडवींनी विचारलं, वकील बोलावू का समजावून सांगायला? “नको,” आई म्हणाली, “पोरगी बसू दे.” मला भिंतीला टेकून बसायला सांगितलं गेलं, मध्ये न बोलण्याच्या अटीवर.

“नाव?”

“महादेवी शिवलिंग शेटे.”

“व्यवसाय?”

आईनं पदर सारखा केला.

“रिटर्नमध्ये शिवणकाम लिहिलंय,” तडवी म्हणाले.

“ते खोटं आहे वो, साहेब.”

आज दूधवाला आला नाही, हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात ती हे बोलली. तडवींनी टंकलेखकाला इंग्रजीत काही सांगितलं आणि मग एकामागून एक प्रश्न विचारत गेले. मशीन होतं का? नव्हतं. बँकेत खातं? आहे म्हणतात. पैसे कधी काढले? बँक बघितलेली नाही. गोदाम बघितलंय? बाहेरून, एकदा, मॅटाडोरमधून. प्रश्नाला एक उत्तर, त्याच्यापुढे काही नाही. दहाएक मिनिटांत काम संपलं.

“मराठीत वाचून दाखवा त्यांना,” तडवींनी कागद माझ्याकडे दिला.

मी वाचायला लागले. “मी गृहिणी आहे. मी कोणतंही काम करत नाही आणि मला उत्पन्नाचं कोणतंही साधन नाही.”

“काय?” आई म्हणाली. “परत वाच.”

मी परत वाचलं.

“काम करत नाही, असं कोण म्हणालं?”

“ताई, घरकाम म्हणजे उत्पन्नाचं काम नव्हे,” तडवी म्हणाले. “लिहायची पद्धत आहे ती.”

“घरकाम सोडा. मसाला कोण करतं?”

“मसाला?”

“शेट्यांचा मसाला. तुमच्या घरी येत असेल. मी करते तो. पहाटे भट्टीवर जाते ती दुपारी जेवायला उठते. लग्न होऊन आले तवापासनं करते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या हाताखाली, त्या गेल्यावर एकटी.” तिचा आवाज किंचित कापायला लागला होता. शिवणकामावर तो कापला नव्हता. “ह्यांनी ब्लाउज लिवलं, मी गप बसले. तुम्ही तर काहीच करत नाही म्हणून लिवलंत.”

“पगार मिळतो?”

“नाही.”

“धंद्यात भागीदार आहात?”

“म्हणजे?”

“दुकानात तुझा हिस्सा,” मी म्हणाले. अट मोडली, पण कुणी टोकलं नाही.

“नाही.”

“मग उत्पन्न नाही, हे बरोबरच लिहिलंय.”

“ते बरोबर आहे. काम नाही, ते चूक आहे.”

तडवी खुर्चीत मागे टेकले. “मग तुम्ही फुकट काम केलं, असं लिहावं लागेल.”

“लिवा,” आई म्हणाली. “तसंच आहे ते.”

टंकलेखकानं ओळ खोडली, वर नवी टाइप केली. आईनं ती मला दोनदा वाचायला लावली. मग ती म्हणाली, “साहेब, मी एक विचारू? आमचे वकील सांगतात, माझं शिक्षण नाही म्हणून मला पगार देता येत नाही. असं आहे का कायद्यात?”

“असं कुठंच नाही. पगार देता येतो. फक्त तो तुमच्या यजमानांच्या उत्पन्नात धरला जातो. त्यावरचा कर ते भरतात.”

“आणि पैसे?”

“पैसे कुणाचे म्हणजे? पगार ज्याला दिला त्याचे. तुमचे.”

काल दोनदा वाचलेलं ते लांबलचक वाक्य माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्यात कर कुणी भरायचा एवढंच लिहिलं होतं. बायकोच्या हातात पैसे देऊ नका, असा एक शब्द त्यात नव्हता. उपयोग शून्य, असं वकील म्हणाले होते. कुणाला, ते म्हणाले नव्हते. आणि हे कलम आमच्या दुकानात तीसेक वर्षं आईच्या तोंडावर दार लावल्यासारखं लावून ठेवलेलं होतं. लावणाऱ्यांना कर वाचत नसेल तर पगाराचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे सुचलंही नव्हतं.

आईनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

तडवींनी आप्पांना आणि वकिलांना आत बोलावलं. दोन्ही जबाब काय झालेत ते चार वाक्यांत सांगितलं. दोघींच्या नावावर दाखवलेलं सगळं आता शेट्यांच्या उत्पन्नात धरलं जाईल. शेट्यांनी स्वतः होऊन कबूल केलं, कर आणि व्याज भरलं, तर दंडाच्या बाबतीत ते लक्षात घेता येईल. गोदाम विकायला लागेल की नाही हे शेट्यांनी बघावं.

“साहेब,” वकील गोड आवाजात म्हणाले, “बायकामाणसं आहेत. ऑफिस, शपथ, सगळं नवीन. घाबरून काहीतरी बोलल्या असतील.”

“घाबरलेल्या दिसल्या नाहीत,” तडवी म्हणाले.

आप्पांनी कबूल करतो म्हणून सांगितलं. ते फार थकलेले दिसत होते. मला त्यांची कीव आली आणि ती आल्याचा रागही आला. ते टोपी घालून वळले.

“अहो,” आई म्हणाली. ती उठली नव्हती. “मला पगार द्यायला कायद्याची हरकत नाही, असं साहेब म्हणतात.”

“वहिनी, मी काल सांगितलं ना,” वकील मध्ये पडले, “तो यांच्यातच धरला जाईल. एक रुपया वाचणार नाही.”

“धरू दे की. कर हे भरतील. पैसे माझे राहतील.”

वकील तडवींकडे बघायला लागले. तडवी खिडकीबाहेर बघत होते.

“घरी गेल्यावर बोलू,” आप्पा म्हणाले.

“घरी नको,” आई म्हणाली. “इथंच बोला. इथं लिहून घेतात.”

मग टंकलेखकानं, कुणी सांगितलं नसताना, मशीनमध्ये कोरा कागद चढवला.

आप्पांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग वकिलांकडे, आणि शेवटी आईकडे. घसा खाकरून त्यांनी महिन्याचा एक आकडा सांगितला.

“कमी आहे,” आई म्हणाली.